वर मागितलेले तीनशे मुनवे

भाद्रपदातलं ऊन फसवं असतं. पाऊस उघडलेला असतो, पण जमीन आतून ओलीच असते. अशा दिवसांत केळीच्या बागेत शिरलं की इस्त्रीवाल्याच्या दुकानात शिरल्यासारखी वाफ अंगावर येते. बुंध्यांचा कच्चा तुरट वास, पायाखाली चिखलात रुतलेली वाळकी पानं, आणि वर हिरवं छत. या दिवसांत माझा उजवा अंगठा आपोआप चालायला लागतो. समोर पानाचा दांडा आला की त्यावरची पांढरी भुकटी अंगठ्यानं पुसायची, दांडा उन्हाकडे धरायचा आणि बघायचं. पोपटी, नितळ दिसला की पुढचं झाड.

सुमन, माझी बायको, या सवयीला कंटाळली आहे. गेल्या गणपतीत एका व्याह्यांकडे आरतीला उभे होतो. मखराला दोन्ही बाजूंनी केळीचे खांब बांधलेले. टाळ्या वाजवता वाजवता माझा हात कधी तिकडे गेला कळलंच नाही. मी दांडा पुसून, मान वाकडी करून, समईच्या उजेडात बघत होतो. व्याही आरती म्हणायचे थांबले. सुमननं कोपरानं ढोसलं आणि दातओठ खाऊन म्हणाली, "अवो, ती कापलेली हाय. आता तिला काय हुतंय?"

खरं आहे. कापलेल्या केळीला काय होणार? पण त्या एका वर्षानं माझ्या अंगठ्याला जे शिकवलं, ते तो विसरायला तयार नाही. आणि मीही त्याला विसरू देत नाही.

ते वर्ष नव्वदीच्या दशकातलं. त्याआधी पंधराएक वर्षं मी कोल्हापुरात फळांच्या धंद्यात होतो. सुरुवात दुसऱ्याची हातगाडी ओढण्यापासून. मग स्वतःची हातगाडी, मग केळी पिकवायची एक खोली, मग उभ्या बागा उक्त्या घ्यायला लागलो. म्हणजे घड झाडावर असतानाच सगळी बाग एकरकमी ठरवायची, नंतर आपली माणसं नेऊन उतरवायची. मला कुणी शिकवलं नाही, कुणी हात धरला नाही. जे मिळवलं ते तोंडाच्या आणि डोळ्याच्या जोरावर. रागाच्याही म्हणा. माझा आवाज चढला की समोरचा निम्म्या वेळा नुसता कटकट नको म्हणून भाव सोडायचा, आणि मला ते माहीत होतं.

डोळा मात्र खरंच तयार होता. कुठल्याही बागेत शिरलो की आधी मला डाग दिसायचे. केळीच्या पानावर करपा किती चढलाय, पपईच्या फळावर तेलकट वर्तुळं आहेत का, आंब्याच्या मोहोरावर भुरी बसलीय का. शेतकऱ्याला जे दिसून झोप उडायची, ते बघून मी खूश व्हायचो. करपा म्हणजे घड नीट भरणार नाहीत, म्हणजे भाव खाली. वर्तुळं म्हणजे फळ पिवळं झालं तरी गोडीला फिकं, म्हणजे भाव आणखी खाली. रोगांची नावं मला येत नव्हती. प्रत्येक रोगाला मी भावात ओळखायचो. समोरचा माणूस "औषध काय मारू?" म्हणून तोंडाकडे बघायचा, आणि मी म्हणायचो, "आता औषध मारून काय उपयोग? मी घेतोय हे नशीब समजा."

असं मी कित्येकांना म्हटलं असेल. 

तर त्या वर्षी मी जमीन घेतली. कोडोलीच्या अलीकडे, एक एकर, विहिरीसकट. दुसऱ्यांच्या शेकड्यानं बागा मी घेतल्या होत्या, पण घड उतरवून झाले की बाग परत त्यांची. माझा ट्रक भरून निघायचा आणि मागे हिरवं रान दुसऱ्याच्या नावावर उभं असायचं. सुमन कधी बोलली नव्हती. पण खरेदीखत झालं त्या दिवशी ती बांधावर गेली, वाकून मातीचं ढेकूळ उचललं, फोडलं आणि म्हणाली, "आता आपल्या झाडाचं केळ खायाचं. बाजारातलं न्हाय." मला तेवढंच पुरे होतं. त्या एकरात केळीच लावायची, आणि अशी लावायची की मी आजवर ज्यांच्या बागांना नावं ठेवली त्या सगळ्यांनी येऊन बघावी.

विहिरीकडेला आधीच्या मालकानं लावलेल्या जवारी, म्हणजे गावठी केळीचं एक बेट होतं. घड लहान, पण पान रुंद आणि तुकतुकीत. ते बेट तसंच ठेवलं. बाकी एकरासाठी मुनवे हवे होते. केळीला बी नसतं. बुंध्याशी जी पिल्लं फुटतात ते मुनवे, ते खणून दुसरीकडे लावायचे. एकराच्या खालच्या अंगाचे मी विकत घेतले. वरच्या अंगाला तीनशे कमी पडत होते.

तीनशे मुनवे विकत घ्यायला मी काही गरीब नव्हतो. पण माझी एक रीत होती. कुठलाही सौदा झाला की वर काहीतरी घेतल्याशिवाय मी उठत नसे. पेंडीभर वैरण घेईन, दोन फणस घेईन, निदान एक कप जास्तीचा चहा घेईन. वर काही मिळालं नाही तर सौदा झाल्यासारखंच वाटायचं नाही.

कोडोलीचे तात्या हे त्या भागातले मोठे बागायतदार. अंगानं थोराड, बोलायला कमी, पांढरी टोपी कायम कपाळावर ओढलेली. त्यांची उभी बाग मी घ्यायला गेलो होतो. मोटरच्या खोलीपुढं बाजलं टाकलेलं. आमच्याकडे भाव तोंडानं ठरत नाही. माझा टॉवेल दोघांच्या हातांवर पडला, आत त्यांची बोटं मी धरली. जितकी बोटं धरायची तितका भाव. मी तीन धरली. तात्यांनी मान हलवली. मी करप्याची गोष्ट काढली, पावसाची काढली, शेवटी आवाज चढवला. तासाभरानं चौथं बोट अर्धं धरून सौदा झाला. टॉवेल काढला, चहा आला.

मी म्हणालो, "तात्या, वर काय?"

"वर काय म्हंजे? चहा पितोयस की."

"चहा पाव्हण्याला. वर तीनशे मुनवे द्या. माझ्या रानात लावायचेत."

तात्यांनी बशी खाली ठेवली. "मुनवं नगं मागूस ह्या साली."

"का वो? बांधावर ढीग पडलाय की."

"देत न्हाय म्हटलं की."

मला हसू आलं. नाही म्हणणं हे माझ्या लेखी भावाचं पहिलं पाऊल. मी आणखी एकदा मागितलं. ते आणखी एकदा नको म्हणाले. मग मी चढलो. "एवढी बाग घेतली तुमची, आणि पिल्लासाठी अडून बसताय? कोडोलीच्या तात्यांचं नाव ऐकून आलतो मी! बाजारात सांगू काय, तात्यांनी केळीची पिल्लंसुद्धा मोजून ठेवलीत म्हणून?"

तात्या बराच वेळ बागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ने बाबा. पर एक ध्यानात ठेव. मी दिलं न्हाईत. तू घेतलंस."

किती आनंदानं घेऊन आलो मी ते वाक्य! सुमनला घरी येऊन सांगितलं, तात्यांसारखा माणूस शेवटी कबूल झाला की मी त्याच्याकडून घेतलं. मुनवे बघायला मी वाकलोही नाही. दुसऱ्याची फळं मी नखानं खरवडून बघत असे. फुकट मिळालेल्या मुनव्यांना काय बघायचं?

आता गंगाक्काबद्दल सांगायला हवं. ती केळीची पानं विकायची. चंदगडकडची, कर्नाटकाच्या हद्दीजवळची, लिंगायत घरातली. कपाळावर विभूतीचे पट्टे, लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, कानडी आणि मराठी एकाच श्वासात. नवरा गेल्यावर कोल्हापुरात येऊन एका खोलीत राहायची आणि मंडईच्या तोंडाशी पानं घेऊन बसायची. श्रावणापासून पुढं तिला पानं पुरत नसत. माझ्या विहिरीकडेचं जवारी बेट तिनं हेरलं होतं. पान रुंद, जेवायच्या पंगतीला उत्तम. सोमवारी सकाळी ती यायची, विळ्यानं पानं उतरवायची, गुंडाळून डोक्यावर घ्यायची. तिच्याशी घासाघीस करताना मला मजा यायची, कारण ती माझ्यासारखीच होती. फक्त ओरडत नसे.

श्रावण संपत आलेला. नव्या केळी कमरेएवढ्या झाल्या होत्या. खालच्या अंगाची पानं आडवी पसरायला लागलेली, वरच्या अंगाची मात्र उभी, अरुंद, एकमेकांना धरून. मला वाटलं, तात्यांच्या मुनव्यांची जातच ताठ. सुमन एकदा म्हणाली, "ही अशी झाडूवानी का दिसत्यात?" मी म्हटलं, "तेज हाय त्यांच्यात."

त्या सोमवारी बेटावरची पानं कमी पडली. मी गंगाक्काला म्हणालो, "इकडची घे की. कोवळी हाईत."

ती वरच्या अंगाला आली. एका पानाची कड दोन बोटांत धरली आणि दुमडली. कड दुमडली नाही. पापडासारखी कट्‌ करून मोडली.

"तम्मा, हे पान मला नगं."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. पण मला तेव्हा भावंडांचं काही ऐकायचं नव्हतं. मी म्हणालो, "भाव पाडायला आलीस काय? माझ्यापुढं ह्या खेळ्या न्हाय चालायच्या."

"भाव कशाचा? हे ताटावर मोडंल. आमटी मांडीवर यील." ती दुसऱ्या झाडाकडे गेली, तिसऱ्याकडे गेली. मोडलं, मोडलं. मग तिनं डोक्यावरचा भारा खाली ठेवला, हे मला अजून दिसतं, आणि एका पानाचा दांडा अंगठ्यानं पुसून उन्हाकडे धरला. "हिकडं ये. बघ."

मी रागातच गेलो. दांड्याच्या पोपटी अंगात गर्द हिरव्या टिपा होत्या. एक टिंब, मग एक आखूड रेघ, मग दोन टिंबं, पुन्हा रेघ. कुणी हिरव्या शाईनं तुटक तुटक ओढल्यासारख्या. पांढऱ्या भुकटीखाली लपलेल्या. पुसलं नसतं तर जन्मात दिसल्या नसत्या.

"आमच्या बागत असंच आलतं," ती म्हणाली. "ह्या केळीला घड न्हाय यायचा. आलाच तर पोटातच अडकंल. ह्याला औषध न्हाय तम्मा. आणि ही एकटी मरत न्हाय. शेजारणीला घिऊन मरती. मुनवं कुठनं आणलंस?"

मी सांगितलं. सांगता सांगता मला तात्यांचा चेहरा दिसला, बागेकडे बघत राहिलेला. नको म्हणाले होते. तीनदा नको म्हणाले होते. माणसाला माहीत होतं!

मग माझ्या अंगात जे आलं ते मी कधी आवरायला शिकलोच नव्हतो. समोरची केळ दोन्ही हातांनी कवटाळून उपटली. दुसरी उपटली. लाथेनं गड्डा मोकळा केला, बुंधा धरून खालच्या अंगाच्या सरीतून ओढत बांधाकडे नेला, फेकला, परत आलो, तिसरी. तात्यांना शिव्या, त्यांच्या बापाला शिव्या, केळीला शिव्या. मागून गंगाक्का ओरडत होती, "थांब! थांब तम्मा! ओढू नगं!" मी म्हणालो, "तू गप बस, माझं रान हाय!" दहाबारा झाडं ओढून झाल्यावर दम लागला तेव्हा थांबलो. अंगावर केळीचा चीक, हाताला काळे डाग, जे पुढं कितीही घासले तरी दोन आठवडे गेले नाहीत.

ती बांधावर बसली होती. शांतपणे म्हणाली, "झालं? आता ऐक. वरडू नगं. केळ बहिरी न्हाय, आणि मीबी न्हाय."

तिनं एका उभ्या झाडाचा पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं पान, अलगद उलगडून दाखवला. आत बुंध्याच्या बेचक्यात तपकिरी काळपट मावा दाटून बसला होता, मोहरीहून बारीक, आणि मुंग्या त्याच्या दिमतीला ये-जा करत होत्या. रोग झाडात, पण त्याला हिंडवतो हा मावा. तो जोवर स्वस्थ बसलाय तोवर बसलाय. झाड हललं की तो उठतो आणि मिळंल त्या केळीवर चढतो. म्हणून आधी पोंग्यात आणि बुंध्याशी पळीभर रॉकेल ओतायचं. मावा मरू द्यायचा. एक दिवस जाऊ द्यायचा. मग गड्ड्यासकट खणायचं, तिथल्या तिथं बारीक तुकडे करायचे, पुरायचे. गड्ड्याचा एकही डोळा मागं राहिला तर पुन्हा फुटतो.

"आधी रॉकेल, मग कुदळ," ती म्हणाली. "आमच्या माणसानं बी आधी कुदळच घेतली हुती. तुझ्यागतच. सगळी बाग गेली."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी वर देत होतं आणि मी मागितलंही नव्हतं.

पुढचा महिना आठवतो तो रॉकेलच्या वासासकट. रेशनच्या रांगेत मी पत्र्याचा डबा घेऊन उभा राहायचो. लोक म्हणायचे, एवढा व्यापारी माणूस, घरात गॅस असून रॉकेलला का उभा? मी खेकसायचो, "केळीला पाजायला!" त्यांना वाटायचं डोकं फिरलं. सुमननं जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या फाडल्या, कामट्यांना बांधल्या, आणि ज्या झाडाच्या दांड्यात रेघा दिसतील तिथं कामटी रोवायची असं ठरलं. मला तिनं बागेत फिरू दिलं नाही. म्हणाली, "तुमी बांधावर बसा. तुमचा हात लागला की मावा उडतोय. आणि तोंड बी बंद ठेवा, त्येनं बी उडत असंल."

बांधावर बसून मी रान बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाव न काढता बघितलं. खालच्या अंगाचं एक पान सकाळी गुंडाळलेलं असायचं आणि दुपारपर्यंत बोटभर उलगडायचं. पावसाचं पाणी दांड्याच्या पन्हळीतून बुंध्याशी कसं उतरतं, मुंग्या कुठल्या झाडावर चढतात आणि कुठल्या टाळतात. गंगाक्का सुमनच्या मदतीला यायची; जिथं मुंग्यांची रांग, तिथं ती आधी जायची.

महिना उलटून गेल्यावर एका सकाळी सुमननं हाक मारली. तिचा आवाज बदललेला होता. मी उठून गेलो. लाल चिंध्यांच्या कामट्या आता नुसत्या तात्यांच्या मुनव्यांत नव्हत्या. त्या खालच्या अंगात, विकत घेतलेल्या चांगल्या केळींत रोवलेल्या होत्या. आणि त्या विखुरलेल्या नव्हत्या. वरच्या अंगापासून बांधापर्यंत एका ओळीत, सरीच्या दोन्ही बाजूंनी. ज्या सरीतून मी झाडं ओढत नेली होती तीच सरी. माझ्या रागाची वाट चिंध्यांनी आखून दाखवल्यासारखी.

मी त्या ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. मग डबा उचलला आणि पहिल्या झाडाच्या पोंग्यात स्वतः रॉकेल ओतलं. हळू. झाड न हलवता.

त्याच सुमारास गाडीवरून एक कृषी सहायक आले. रोगाचं नाव त्यांनी सांगितलं, पर्णगुच्छ. विषाणू आहे, बरा होत नाही, हे सगळं गंगाक्काचंच, फक्त पुस्तकी भाषेत. रॉकेलशिवाय आसपासच्या झाडांवर माव्यासाठी कुठलं औषध फवारायचं ते लिहून दिलं, आणि दर आठवड्याला प्रत्येक झाड तपासा म्हणाले. जाताना त्यांनी गंगाक्काला विचारलं, "मावशी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

ती म्हणाली, "आमची बाग शिकवून गेली, साहेब."

वरच्या अंगाचं एकही झाड राहिलं नाही. तात्यांचे तीनशेच्या तीनशे मुनवे आम्ही तुकडे करून पुरले. सरीच्या काठच्याही बऱ्याच केळी गेल्या. पण दिवाळीनंतर नवी चिंधी लागायची थांबली. उरलेल्या अर्ध्याहून जास्त रानाला पुढच्या उन्हाळ्यात घड लागले. पहिला घड सुमननं पिकवला घरातच, धान्याच्या कणगीत घालून. आणि पहिली फणी कुणाला द्यायची यावर आमच्यात वाद झाला नाही.

गंगाक्कानं फणी घेतली, पण कसलाही मोबदला घेतला नाही. मी भांडलो तिच्याशी. घे म्हणून ओरडलो. ती म्हणाली, "विहिरीवरलं बेट तोडू नगंस, एवढं बास." पुढची सात-आठ वर्षं ती सोमवारची येत राहिली. पानांचा भाव आम्ही तसाच घासाघीस करून ठरवायचो, कारण नुसती दिली असती तर तिला अपमान वाटला असता. मग गुडघे गेले, मुलगी तिला आपल्या गावी घेऊन गेली. तिकडून निरोप यायचा, "बेट हाय न्हवं?" आता निरोपही येत नाही. बेट आहे.

तात्यांवरचा राग मात्र मी जपला. का जपू नये? त्याच हिवाळ्यात मी कोडोलीला जाऊन त्यांच्या अंगणात उभा राहिलो होतो आणि चार लोकांसमोर विचारलं होतं, "माहीत हुतं ना तुमाला? एक शब्द सांगाय काय झालं हुतं?"

तात्या बाजल्यावर बसूनच म्हणाले, "सांगितलं असतं तर तू माझ्या बागंचा भाव काय दिला असतास?"

खरं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. सौदा झालेला असतानाही मी टॉवेल परत टाकला असता, चौथं बोट सोडलं असतं, तिसरंही सोडलं असतं, आणि गावभर सांगितलं असतं की तात्यांच्या बागेत रोग आहे. त्यांनी तीनदा नको म्हणून मला वाचवायचा प्रयत्न केला होता, स्वतःचं नुकसान न करता जेवढं जमेल तेवढं. एवढं कळूनही माझा राग गेला नाही. उलट ते बरोबर होते याचाच जास्त राग आला. वर बाजारात कुणीतरी मला "या गुच्छवाले!" म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव दहा वर्षं चिकटलं. ते नाव कोडोलीतनंच आलं असणार असं मी आजही धरून चालतो.

तात्या गेले तेव्हा मी मातीला गेलो होतो. लांब उभा राहिलो. त्यांचा मुलगा सर्जेराव भेटला, पण बोलणं झालं नाही.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण परवाची गोष्ट. आता टिश्यूची रोपं मिळतात, बाटलीत वाढवलेली, निरोगी. मुनव्यांचा जमाना गेल्यासारखाच आहे. पण जवारी केळ टिश्यूत मिळत नाही आणि तिला अलीकडे मागणी आली आहे. माझ्याकडे त्या बेटातून वाढवलेली अर्धा एकर जवारी आहे. भाद्रपद आहे. मागच्या आठवड्यात, अंगठ्यानं पुसता पुसता, त्या जवारीत मला एक दांडा सापडला. टिंब, रेघ, दोन टिंबं. रॉकेल ओतलं, दुसऱ्या दिवशी खणलं, तुकडे केले, पुरलं, फवारलं. एकच झाड. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

परवा सकाळी विहिरीवर बाजल्यावर एक तरुण व्यापारी बसला होता, माझी ती उभी बाग उक्ती घ्यायला. हुशार आहे. आल्या आल्या डाग शोधत होता, मला त्याच्यात माझंच तरुणपण दिसत होतं आणि ते मला आवडत नव्हतं. टॉवेल पडला. त्यानं आतून माझी चार बोटं धरली. मी पाचव्यासाठी तोंड उघडणार, तेवढ्यात बांधावरून सर्जेराव आला. पन्नाशीकडं झुकलेला, बापासारखीच टोपी कपाळावर.

"काका, राम राम. तुमच्याकडं जवारीचं मुनवं हाईत म्हणं. शंभरएक पाहिजे हुते."

माझा हात टॉवेलाखाली, चार बोटं दुसऱ्याच्या मुठीत. आणि माझ्यासमोर तात्यांचा मुलगा, मुनवे मागत. लपवून काय सांगू, एक क्षण मला फार गोड वाटला. नुसतं "ने की" म्हणायचं होतं. त्यातल्या एकात रोग असेल, नसेल. मी दिले नाहीत, त्यानं घेतले.

मी म्हणालो, "मुनवं न्हाय मिळायचं."

सर्जेराव हसला. "असं काय करता काका? वर काय द्यायचं ते सांगा की." तेच हसू. ते माझं होतं, त्या वर्षीचं.

गंगाक्काचा अंगठा आठवला मला. भारा खाली ठेवून, मी ओरडत असताना, तिनं पुसलेला तो दांडा. ती गप्प राहिली असती तर तिचं काहीच गेलं नसतं. पानं दुसरीकडेही मिळत होती.

"वर काय नगं," मी म्हणालो, "न्हाय म्हंजे न्हायच. बागंत गुच्छ निघालाय. मागल्या आठवड्यात एक झाड पुरलं. अजून निघंल का, दोन महिनं सांगता येत न्हाय. पुढल्या साली ये, बाग साफ राहिली तर मी स्वतः आणून देतो. आणि हिकडं ये, रेघ कशी बघायची ती दाखवतो. तुझ्या बानं मला दाखवली न्हवती."

सर्जेरावचं हसू गेलं. मग तो विहिरीकडेच्या बेटापाशी गेला, एका पानाचा दांडा धरला आणि अंगठ्यानं हळू पुसून उन्हाकडे केला. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "हलवू नगंस झाड!"

टॉवेलाखाली त्या व्यापाऱ्यानं माझं एक बोट सोडलं.